परभणीच्या रयतेचा कारभार कोणाच्या हाती?

शेतकरी व कारागीर बांधवांनो, निजामाच्या अमलात परभणी जिल्ह्याचा धनी अव्वल तालुकदार असे. तो वरून येई. रयतेस कोणी पुसत नसे. 1948 साली ते राज्य बुडाले. पुढे महाराष्ट्र झाला व 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाना, गुरांचा दवाखाना, गावरस्ता हे आपण निवडलेल्या माणसांच्या हाती आले.

मार्च 2022 मध्ये आपल्या परिषदेची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक घ्यावी, असे राज्यघटना सांगते. घेतली काय? नाही! मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाला. ज्याने हिशेब द्यावयाचा, तोच घेणारा! 2025 साल सरले तरी तोच अंमल. विधानसभेची निवडणूक मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये बिनचूक मुदतीत झाली, कारण तिच्यावाचून मुंबईस मंत्रिमंडळ उभे राहत नाही. रयतेच्या वाट्याची वेळ आली की यांचे पंचांग हरवते.

म्हणतील, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा तंटा कोर्टात होता. होता खरा. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्येच त्यासाठी आकडेवारी मागितली होती. ती गोळा करणे कोणाचे काम? माळी, तेली, सुतार, कुंभार यांचे? अखेर 6 मे 2025 रोजी कोर्टासच चार महिन्यांची मुदत घालावी लागली. तीही टळली!

आता मत मागावयास जो दारी येईल त्यास बसावयास घोंगडी द्या, पाणी द्या, आणि मधल्या वर्षांत परिषदेचा पैसा कोणाच्या सहीने कोठे गेला, त्याचे कागद मागा.