घराचा दलाल आणि कारंज्याचा दाखला

वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा या गावांतील जुनी घरे आज बहुधा त्यांत न राहणाऱ्या माणसांकडूनच विकली जातात. मुले नोकरीनिमित्त पुण्यास वा नागपुरास स्थायिक झालेली, वडील दिवंगत, आई वृद्ध. अशा स्थितीत घराची किल्ली, आखीव पत्रिकेची नक्कल आणि पुष्कळदा मूळ खरेदीखतही गावातील दलालाच्या स्वाधीन करून ही मंडळी परतीच्या गाडीत बसतात. सचोटीचा दलाल अशा कुटुंबावर मोठे उपकार करतो, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. कारण जागा नझुलाची आहे काय, शेजाऱ्याशी भिंतीचा तंटा किती जुना आहे, कोणत्या बहिणीचे हक्कसोडपत्र अद्याप व्हावयाचे आहे, हे सारे त्याला मुखोद्गत असते, आणि ते ज्ञान विनामोबदला मिळावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

परंतु त्याच ज्ञानाच्या बळावर मालकाला अंधारात ठेवावयाचे, ‘मंदी आहे, गिऱ्हाईक नाही’ असे महिनोन्‌महिने सांगून त्याचा धीर खचवावयाचा, ‘तुमच्या हाती एवढे पडतील, वरचे माझे’ असा ठराव त्याच्या गळी उतरवावयाचा, आणि अखेरीस आपल्याच भागीदाराच्या नावे सौदाचिठ्ठी करवून घेऊन तेच घर चढ्या भावाने तिसऱ्याच्या पदरात टाकावयाचे, असा प्रकार घडला म्हणजे तो विश्वासघात होय, आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणून खपवून घेता कामा नये. मालक मात्र भिडेपोटी गप्प राहतो. दलालाने मागितलेली दलाली मुकाट्याने मोजण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही, असा त्याचा ग्रह झालेला असतो.

हा ग्रह निराधार आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अभिकर्त्यासंबंधी एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि ते घराच्या दलालालाही लागू पडते. मालकाने मागताच व्यवहाराचा हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मालकाच्या नकळत त्याने स्वतःच्या लाभासाठी व्यवहार केला, तर तो लाभ मागण्याचा मालकाला अधिकार आहे, आणि त्यात महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे दडविलेली असल्यास तो व्यवहारच नाकारता येतो. वेगळा करार नसेल, तर सोपविलेले काम पुरे होईपर्यंत दलालीची रक्कम देय होत नाही. ज्या कामात गैरवर्तन केले त्या कामाची तर दलालीच मिळत नाही. या प्रकरणातील कलम २२१ मात्र प्रत्येक विक्रेत्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण त्या कलमान्वये देय झालेली दलाली चुकती होईपर्यंत मालकाची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क, उलट करार नसल्यास, अभिकर्त्यास पोहोचतो. म्हणून मूळ दस्तऐवज दलालाच्या हाती कदापि देऊ नयेत. नकला पुरेशा आहेत. तसेच इसाराची रक्कम मालकाच्या स्वतःच्या बँक खात्यातच यावी. वीस हजार रुपये वा त्याहून अधिक इसार रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंडाचा बोजा घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर पडतो.

एवढे असूनही दिवाणी दावा लावण्याइतका वेळ आणि पैसा कितीजणांपाशी असतो? १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आलेल्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, आणि महाराष्ट्रात पुढे प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक ठरली. परंतु ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील भूखंड व सदनिकांच्या व्यवहारांपुरतीच आहे. वडिलोपार्जित घर गावातील दलालामार्फत विकणारा मनुष्य या कायद्याच्या छत्राखाली येतच नाही.

ही उणीव वाशिम जिल्ह्यात विशेष खटकते. वऱ्हाडचा मुलूख निजामाचा आणि कारभार इंग्रज रेसिडेंटाचा, अशा काळात, १८८६ साली, रेसिडेन्सीच्या हुकमान्वये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला तो कारंजा येथे. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी दरात मिळावा हा सरकारचा स्वार्थ होता, हे खरे. तरी त्या व्यवस्थेला १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने स्थिर रूप आले, दलाल आणि मापारी परवान्याच्या कक्षेत आले, आणि १९२८ च्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडच्या या अनुभवाची दखल घेऊन अन्य प्रांतांतही असे बाजार असावेत, अशी शिफारस केली. कापसाच्या गाडीमागे कोण उभा आहे, तो किती घेतो आणि कोणाच्या परवान्याने घेतो, हे विचारण्याचा अधिकार येथील शेतकऱ्याला शतकापूर्वी मिळाला. त्याच शेतकऱ्याचा नातू आज त्याच कारंज्यात घर विकावयास निघाला, तर दलालाला हे प्रश्न विचारण्यासाठी त्याला एकही कचेरी नाही.

जुन्या घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येकाची नोंद सह जिल्हा निबंधकांच्या कार्यालयात व्हावी. दलालीचा दर, कामाची मुदत आणि दलालाचा खरेदीदाराशी असलेला संबंध नमूद करणारा लेखी करार सक्तीचा व्हावा. आणि तो मोडणाऱ्याची नोंद रद्द करण्याचा अधिकार त्या कार्यालयास असावा. वाशिम जिल्ह्याच्या आमदारांनी ही मागणी विधानसभेच्या येत्या अधिवेशनात मांडावी.