सावडकऱ्याची तिफण



सावडकरी मृगाच्या तोंडावर निम्म्या दामात तिफण देतो म्हणाला, तर घ्यावी का? त्याला नकोशी असेल तर खुशाल घ्या. घासाघीस हा काही गुन्हा नाही. पण बियाण्याला पैसा नाही म्हणून विकत असेल तर? कोरडवाहूत वाफसा दोन-चार दिवसांचा. भाड्याच्या तिफणीची वाट पाहण्यात तो निघून जातो आणि ज्वारी मागास होते.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 सांगते : शेतकऱ्याला पोट भरण्यापुरती लागणारी औजारे, बैल, बियाणे हुकूमनाम्यातही जप्त होत नाहीत. इंग्रजाने केलेला कायदा जे सोडतो ते आपण निम्म्यात उचलायचे? (आणि अडलेल्याचा कापूस पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला लुटारू म्हणायचे!)

नव्या तिफणीचा भाव काढा, झीज वजा करा, तेवढे द्या. त्याहून बरे म्हणजे बियाण्यापुरते हातउसने द्या; तिफण त्याच्याच गोठ्यात राहू द्या. हिशेब सुगीनंतर.