हत्याराला आधार कोणता द्यावा?

धातू कांतण्याच्या यंत्राला आपण लेथ म्हणतो. लखनौमध्ये त्याला ‘खराद’ म्हणतात. चारबाग आणि आलमबाग येथील रेल्वे कारखान्यांमुळे हे यंत्र या शहराच्या चांगले परिचयाचे आहे. माझ्या शेजारी राहणारे मिस्त्रीजी अशाच कामात म्हातारे झाले. त्यांच्या पुतण्याने नुकताच घरी लहान लेथ घेतला. हाती थोडे पैसे उरले. ते हत्यार झटपट बदलता येणाऱ्या टूल पोस्टवर खर्चावेत, असा त्याचा बेत. मिस्त्रीजी म्हणाले, ‘‘बेटा, आधी चौकोनी घे.’’ मला मिस्त्रीजींचे म्हणणे पटते.

टूल पोस्ट म्हणजे लेथच्या सरकत्या बैठकीवर हत्यार घट्ट धरणारा खांब. इ. स. १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी अशा सरकत्या बैठकीचा लेथ तयार केला, आणि हत्यार कारागिराच्या हातातून यंत्राच्या पकडीत गेले. तेव्हा या खांबाने हाताचीच दोन कामे करावयाची : हत्यार न डळमळता धरणे आणि त्याचे टोक फिरत्या कामाच्या मध्याच्या उंचीवर ठेवणे. टोक खाली राहिले, तर सपाट केलेल्या तोंडाच्या मध्यभागी बोंड उरते. तुकडा कापून वेगळा करताना काम हत्यारावर चढून पाते मोडू शकते. टोक वर गेले, तर हत्यार कापण्याऐवजी घासू लागते.

जुन्या एकहत्यारी खांबात हत्याराखालची अर्धचंद्राकृती पट्टी सरकवून उंची साधतात. पण त्यामुळे हत्यार कलते व कापण्याचा कोनही बदलतो. चौकोनी पोस्ट हा पोलादाचा भरीव ठोकळा. त्यात चार हत्यारे बसतात आणि खाली पातळ पट्ट्या देऊन उंची जुळवितात. झटपट बदलाच्या पोस्टमध्ये प्रत्येक हत्याराला स्वतंत्र धारक असतो. स्क्रूने उंची एकदा लावली की हत्यार पुन्हा त्याच उंचीवर बसते. ही सोय खरी आहे. परंतु जितकी हत्यारे, तितके धारक घ्यावे लागतात. शिवाय धारकामुळे हत्याराचे टोक बैठकीपासून अधिक पुढे जाते, आणि हलक्या लेथवर त्याने थरथर वाढू शकते. हत्याराचा बाहेर आलेला भाग दुप्पट झाला, तर त्याच जोराखाली ते आठपट वाकते, हे विसरू नये.

पट्ट्या लावण्याचे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य. त्यावर उपाय एवढाच की, ज्या हत्याराच्या पट्ट्या त्याच हत्याराशी बांधून ठेवाव्यात. न लागणारी हत्यारे काढून ठेवावीत, नाही तर त्यांची टोके हाताला लागतात. विकत घेण्यापूर्वी बैठकीच्या पृष्ठापासून मध्यरेषेपर्यंतचे अंतर मोजावे. पोस्टच्या खाचेचा तळ आणि हत्याराची जाडी मिळून त्याहून अधिक भरली, तर कोणतीही पट्टी उपयोगी पडत नाही.

एकसारखे अनेक भाग करावयाचे असतील, तर झटपट बदलाची पोस्ट अवश्य घ्यावी. पण ज्याला अजून शिकावयाचे आहे, मग तो घरी असो वा शाळेच्या कर्मशाळेत, त्याने पहिली काही वर्षे स्वतःच्या हाताने उंची जुळवावी. उरलेल्या पैशांत चांगली हत्यारे, मायक्रोमीटर आणि डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा घ्यावा.