खाली बसवलेल्या गाडीचं ऐका

भरवेलीसारख्या मॅंगनीज खाणीच्या गावात स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं ही हौस महागातच पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बसवलीच असेल, तर पुढून येणारा आवाज गाण्यांखाली दाबू नका.

गाडी खाली आली की लोअर आर्म आणि लिंक रॉडचा कोन बदलतो. छोट्या खड्ड्यांत खटखट आली, तर आधी तेच बघा. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टण्ण’ करून उसळली, तर शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग किंवा नीट न बसलेली स्प्रिंग. पूर्ण वळणावर कटकट, तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. मोठ्या खड्ड्यात धाडकन ठोका बसला, तर गाडी बंप स्टॉपवर आपटते. तिथे पार्ट बदलून काय होणार? उंचीच वाढवावी लागेल.

बॉल जॉइंट आणि टाय रॉडबाबत मात्र चालढकल नकोच. ते निसटले की चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. म्हणून अंदाजाने पार्ट मागवू नका. गाडी जॅक-स्टँडवर घेऊन मिस्त्रीकडून चाक हलवून खेळ तपासा.

मित्रांनो, ऐट आपली असते, पण रस्त्यावर चालणारे सगळे असतात.