अकरावी ऑप्शनला टाकू नका

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी संध्याकाळची बेल जरा जास्त वाजते. मी 27 वर्षं अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवलं, हे कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ‘मॅडमना एकदा विचारून घेऊ’ म्हणून लोक येतात. गेल्या रविवारी अशीच एक मुलगी आईवडिलांबरोबर आली. वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, आई घरी शिलाईकाम करते. मुलीला इंजिनिअर व्हायचंय, हे तिने सातवीतच ठरवलेलं. प्रश्न एवढाच होता, की अकरावीच्या फॉर्मवर विषय कुठले लिहायचे.

मुलीच्या हातात वही होती. तिने कुणाकुणाला विचारून दोन रकाने केले होते. एका रकान्यात विषयाचं नाव, दुसऱ्यात ‘स्कोअरिंग’ किंवा ‘नॉट स्कोअरिंग’. बाकी काही नाही. त्या विषयात काय शिकवतात, याचा तिसरा रकाना नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलीचा यात काही दोष नाही. तिने ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं.

मी आधी तिला नियम सांगितले, कारण त्यात फार गोंधळ असतो. अभियांत्रिकीच्या पदवीला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. तिसरा विषय रसायनशास्त्रच असला पाहिजे असं पात्रतेच्या नियमात नाही. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र, तांत्रिक व्यवसाय विषय यांपैकी एखादा असला तरी चालतो. पण राज्याच्या एमएचटी-सीईटीत पीसीएम गटाला रसायनशास्त्राचा पेपर आहेच आणि जेईईतही आहे. म्हणजे नियमाने रसायनशास्त्र सोडता येतं, व्यवहारात येत नाही. 2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) नियमपुस्तिकेमुळे बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र नसलं तरी चालेल अशी चर्चा देशभर झाली होती, अजूनही एखादा पालक ती बातमी आठवून विचारतो. तेव्हा परिषदेला खुलासा करावा लागला होता. माझं उत्तर सरळ आहे. इंजिनिअर व्हायचं असेल तर गणित घ्यायचं, तेही विज्ञान शाखेचं, आणि मनापासून घ्यायचं.

‘मनापासून’ म्हटल्यावर मुलगी म्हणाली, “पण काकू, अकरावीचं गणित तर सीईटीला थोडंच येतं ना?”

इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. सीईटी 200 गुणांची. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. त्यातला 20 टक्के भाग अकरावीवर, 80 टक्के बारावीवर. म्हणजे अकरावीच्या वाट्याला 200 पैकी 40 गुण, आणि तेही पुस्तकातल्या निवडक प्रकरणांवर. शिवाय अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं, तिचे गुण पुढे कुणी विचारत नाही. हा हिशेब मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतो. मग अख्खं वर्ष ‘ऑप्शनला’ टाकलं जातं. अकरावीतच बारावीचा अभ्यासक्रम सुरू होतो, प्रात्यक्षिकांच्या तासाला हजेरीपुरतं जायचं, आणि जर्नल उतरवून काढायचं. कित्येक मुलं तर दोन वर्षं कॉलेजात फक्त नावाला असतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात.

त्याचा परिणाम मी वर्गात पाहिला. मेकॅनिक्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मी फळ्यावर एक उतार काढायची, 30 अंशांचा, त्यावर एक ठोकळा ठेवायची, आणि विचारायची, वजनाचा उताराच्या दिशेने जाणारा भाग किती? साठ-सत्तर मुलांच्या वर्गात निम्मे हात ‘डब्ल्यू कॉस थर्टी’ला वर जायचे. या मुलांना सीईटीत नव्वदच्या वर पर्सेंटाइल असायचं. मी विचारायची, कॉस का? उत्तर यायचं, “मॅम, आडव्याला कॉस, उभ्याला साइन.” कुणीतरी त्यांना ही किल्ली दिली होती, आणि जमीन सपाट असेपर्यंत ती चालली. जमीन तिरकी झाली आणि किल्ली लागेना. काटकोन त्रिकोणात कोन कुठे बसतो, हे ज्याने अकरावीत स्वतः शंभरदा काढून पाहिलंय, तो इथे अडत नाही. त्रिकोणमिती अकरावीची. सदिश अकरावीचे. न्यूटनचे नियम वापरून बलांची आकृती काढणं अकरावीचं. लिमिट आणि डेरिव्हेटिव्हची पहिली ओळख अकरावीतली, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताच्या, म्हणजे एम-वनच्या पेपरात दुसऱ्या ओळीपासून तीच लागते. शांकवाचं प्रकरण सोडून आलेली मुलं ड्रॉइंगच्या हॉलमध्ये पॅराबोला काढायला बसायची, तेव्हा शीटवर सुंदर वळण यायचं, पण नाभी आणि नियता म्हणजे काय ते सांगता यायचं नाही.

पहिल्या वर्षाला विषय राहून केटी लागलेली मुलं माझ्या केबिनमध्ये येऊन रडलेली आहेत. हुशार मुलं, दहावीला नव्वद-पंच्याण्णव टक्के. त्यांना वाटायचं, इंजिनिअरिंग आपल्याला झेपत नाही. मी त्यांना बालभारतीचं अकरावीचं पुस्तक द्यायची आणि तीन आठवडे तेवढंच करायला लावायची. बहुतेकांचं गाडं तेवढ्यावर रुळावर यायचं. एक वर्ष वगळलं होतं, ते भरून काढावं लागत होतं, इतकंच.

रसायनशास्त्राच्या बाबतीत मला बोलावंच लागलं नाही. मुलगी म्हणाली, केमिस्ट्री फक्त सीईटीपुरतं करीन, मेकॅनिकलला त्याचा काय उपयोग? तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले तिचे वडील म्हणाले, “बाळा, आमच्या भट्टीत कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण चुकलं, तर अख्खी हीट वाया जाते. ओतायच्या आधी सॅम्पल लॅबला जातं. तिथला माणूस ‘हां’ म्हणेपर्यंत लेडल हलत नाही.” बिडाच्या कास्टिंगमध्ये सव्वातीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, आणि त्यातल्या थोड्याशा फरकाने इंजिनाचा ब्लॉक टिकेल की तडकेल ते ठरतं. बापाने वीस वर्षं हे रोज पाहिलंय. मुलीने ते पहिल्यांदा ऐकलं. इतक्या वर्षांत मला रसायनशास्त्राची यापेक्षा चांगली बाजू मांडता आलेली नाही.

मग राहिला तो सहावा विषय आणि दुसरी भाषा. घराघरांत भांडण होतं ते याच जागेवर. इंग्रजी सक्तीचं, पीसीएम ठरलेलं, उरतात दोन जागा. बहुतेक घरांत एकीत जीवशास्त्र जातं, ‘असू दे, नीटचा मार्ग मोकळा राहील’ म्हणून. मी या ‘असू दे’च्या विरोधात आहे. ज्या मुलाला खरोखरच ठरवता येत नाही, त्याने जीवशास्त्र जरूर घ्यावं, पीसीएमबी करावं. बायोमेडिकल किंवा बायोटेक्नॉलॉजीत जायचं मनात असेल तरी घ्यावं. पण जिचं सातवीपासून ठरलंय, तिने केवळ धास्तीपोटी एवढा मोठा विषय दोन वर्षं डोक्यावर वागवू नये. नीट आणि जेईई दोन्हींची तयारी करणाऱ्या मुलांची दमछाक मी पाहिली आहे. त्यात बहुधा गणिताचाच बळी जातो, कारण वेळ सगळ्यात जास्त तेच मागतं.

दुसरा पर्याय बायफोकलचा. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स असे 200 गुणांचे विषय काही कनिष्ठ महाविद्यालयांत आहेत. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोन्हींची जागा ते घेतात. जागा थोड्या असतात आणि स्कोअरिंग म्हणून त्यांवर उड्या पडतात. मला ते वेगळ्या कारणासाठी आवडतात. माझ्या एका विद्यार्थिनीने बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये बाकीची मुलं मल्टिमीटरच्या कुठल्या भोकात कुठली पिन घालायची याची कुजबुज करत होती, तेव्हा तिने सर्किट जोडून, मोजून, चूक शोधून ती दुरुस्तही केली होती. सोल्डरिंग गन हातात धरायला ती सोळाव्या वर्षी शिकली. हाताला लागलेली अशी सवय पुढे कुठल्याही शाखेत उपयोगी पडते.

त्याची किंमतही आहे, आणि ती मी मुलीच्या आईसमोर स्पष्ट सांगितली. बायफोकल घेतलं की मराठी सुटते. आयटी हा 100 गुणांचा विषय घेतला तरी दुसरी भाषाच सुटते. ‘मराठी घेऊन काय करायचंय इंजिनिअरला’ हे वाक्य मी मराठीच्या प्राध्यापकांच्या घरीसुद्धा ऐकलं आहे. मला ते दर वेळी लागतं. मी स्वतः मराठी माध्यमातून आले. अकरावीत पहिला महिनाभर सर मोमेंटम, मोमेंटम म्हणत होते आणि मी कोऱ्या चेहऱ्याने लिहून घेत होते. हा आपला संवेगच आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी अख्खं प्रकरण एका बैठकीत उलगडलं. कल्पना मला आधीच येत होती, फक्त तिचं नाव बदललं होतं. ज्या भाषेत आपण विचार करतो ती भाषा चांगली असणं, ही इंजिनिअरची गरज आहे. अहवाल लिहिणं, कामगाराला ड्रॉइंग समजावणं, शेतकऱ्याला पंप का जळला ते सांगणं, हे सगळं भाषेनेच होतं. आणि गुणांचाच हिशेब करायचा तर आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत 75 टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, काही आरक्षित गटांना त्यात सवलत आहे, आणि हे गुण ज्या पाच विषयांचे मोजतात त्यांत एक भाषाही धरली जाते.

म्हणून माझं मत असं, की हातांना काम करायची खरी ओढ असेल तर बायफोकल घ्यावं आणि मराठी घरी वाचत राहावी. ती ओढ नसेल तर मराठी ठेवावी. केवळ गुण मिळतात म्हणून आयटी घेऊन भाषा टाकू नये.

वडिलांनी पॉलिटेक्निकचंही विचारलं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, खर्चही कमी येतो, आणि हातात लवकर काम येतं. हा चांगला रस्ता आहे, कमीपणाचा मुळीच नाही. डिप्लोमाची मुलं वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतात. दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीच्या पेपरात मात्र अनेकांची गाडी अडते, हे धरून चालावं आणि आधीच्या सुट्टीत गणित पक्कं करावं.

उठताना आईने विचारलं, “ताई, मग फॉर्मवर लिहू काय?” मी ते सांगितलं नाही. मुलीला एक काम दिलं. बालभारतीची अकरावीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. त्यातलं गणिताचं त्रिकोणमितीचं प्रकरण, भौतिकशास्त्रातलं गतीचं, रसायनशास्त्रातलं कुठलंही एक आणि जीवशास्त्रातलं एक, अशी चार प्रकरणं आठवडाभर वाचायची. सगळं समजलं नाही तरी चालेल. कुठल्या पानावर घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, ते वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहायचं. शनिवारी वडिलांबरोबर फाउंड्रीच्या लॅबमध्येही एक चक्कर मारायची.

ज्यांच्या घरात या आठवड्यात हा फॉर्म भरला जातोय, त्यांना माझी हीच विनंती आहे. सही करण्याआधी मुलाला ती चार प्रकरणं वाचायला द्या, आणि तो वाचत असताना त्याच्याजवळ बसा.