अपघातानंतर चालकाची मद्यपरीक्षा

सरकारी वाहन चालविणारा मनुष्य खाजगी चालकाहून अधिक जबाबदारीने बांधलेला असतो. आगगाडीत अथवा बसमध्ये बसणारा प्रवासी चालकाची पारख करून बसत नाही. तो शासनावर विश्वास टाकून बसतो. म्हणून अपघात घडल्यावर चालक मद्याच्या किंवा अन्य मादक द्रव्याच्या अंमलाखाली होता काय, हे विचारण्याचा शासनास अधिकार आहे. परंतु त्याचे उत्तर मिळविण्यासाठी एका मनुष्याच्या श्वासाची, रक्ताची व मूत्राची परीक्षा करावी लागते आणि तिच्या निकालावर एका कुटुंबाची उपजीविका अवलंबून असते. त्या परीक्षेने काय सिद्ध होते व काय होत नाही, हे नीट जाणून न घेतल्यास शास्त्राच्या नावाने अन्याय होण्याचा संभव आहे.

या प्रश्नाचा सविस्तर विचार अमेरिकेत झालेला आहे. तेथे रेल्वेच्या गंभीर अपघातांनंतर सेवकांची परीक्षा घेण्याचे नियम १९८५ साली करण्यात आले. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांच्या आदेशाने संघशासनाच्या सेवकांनाही मादक द्रव्ये वर्ज्य ठरली व अपघाताच्या चौकशीत त्यांची परीक्षा घेण्याची मुभा खात्यांना मिळाली. पुढे ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेस या गावी कॉनरेल कंपनीची इंजिने धोक्याचा संकेत ओलांडून मुख्य मार्गावर आली आणि अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांवर आदळली. १६ माणसे मृत्युमुखी पडली. इंजिनावरील दोघांनीही गांजा ओढला होता, असे तपासात उघड झाले.

रेल्वे कामगारांच्या संघटनांनी मात्र या नियमांना हरकत घेतली होती. संशयाचे कारण नसताना सेवकाच्या शरीराची झडती घेणे राज्यघटनेस धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी नियम वैध ठरविले. जेथे क्षणाच्या चुकीने अनेकांचे प्राण जातात तेथे सार्वजनिक सुरक्षिततेचे पारडे जड असते, हा बहुमताचा आशय होता. भयाच्या काळीच नागरिकांचे हक्क सहज बाजूस सारले जातात, असा इशारा न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात दिला. या दोन मतांचा मेळ घालावयाचा तर परीक्षेची पद्धती निर्दोष असली पाहिजे. आणि पद्धतीचा प्रश्न हा मुख्यतः शास्त्राचा प्रश्न आहे.

मद्यार्काच्या बाबतीत शास्त्राचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. रक्तातील मद्यार्क फुप्फुसांतील हवेत ठराविक प्रमाणात उतरतो. म्हणून श्वासावरून रक्तातील प्रमाण काढता येते. रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ साली बनविलेले श्वासमापक यंत्र याच तत्त्वावर चालत असे. त्यातील पिवळ्या रासायनिक द्रावाचा रंग मद्यार्कामुळे बदले व तो बदल मोजला जाई. पण येथे काळाला फार महत्त्व आहे. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम मद्यार्क नाहीसा करते. व्यक्तिपरत्वे हे प्रमाण कमीअधिक असते. अपघातसमयी ज्याच्या रक्तात ८० मिलिग्रॅम होते, त्याच्या रक्तात चार तासांनंतर सुमारे २० च उरतील. उशिरा घेतलेली परीक्षा दोषी मनुष्यास सोडून देते. म्हणूनच अमेरिकेत अवजड वाहनांच्या चालकांची मद्यपरीक्षा अपघातानंतर २ तासांत घ्यावी लागते. विलंब झाल्यास कारण नोंदवावे लागते, आणि ८ तास उलटल्यावर तो प्रयत्नच सोडून द्यावा लागतो.

गांजासारख्या द्रव्यांची गोष्ट निराळी आहे. गांजाचे अवशेष मूत्रात कित्येक दिवस, नित्य सेवन करणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडेही, राहू शकतात. तेव्हा मूत्रपरीक्षा सेवन झाले होते एवढेच सांगते. अपघाताच्या क्षणी बुद्धी मंदावली होती की नाही, हे ती सांगू शकत नाही. शिवाय खोकल्याच्या औषधातील कोडीनही परीक्षेत दिसून येते. याकरिता अमेरिकेतील नियमांनुसार प्राथमिक चाचणीचा निकाल अधिक काटेकोर पद्धतीने पडताळला जातो, डॉक्टर सेवकाकडे त्याच्या औषधांची चौकशी करतो, आणि मूळ नमुन्याचा राखून ठेवलेला भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा सेवकास हक्क असतो. या तरतुदींना खर्च येतो हे खरे. परंतु त्यांवाचून मिळालेला निकाल हा पुरावा नसून केवळ संशय होय.

निर्दोष मनुष्यास परीक्षेचे भय कशाला, असे पुष्कळदा विचारले जाते. त्यात तथ्य आहे. वेळेवर घेतलेली परीक्षा अफवांपासून निर्व्यसनी चालकाचे रक्षणच करते. पण दोष चालकाच्या शरीरात सापडला की चौकशी तेथेच थांबविण्याचा मोह होतो. चेस येथे गांजाबरोबर आणखीही काही आढळले होते. इंजिनातील इशाऱ्याची शिटी चिकटपट्टी लावून दाबून टाकलेली होती, संकेतफलकातील एक दिवा जागेवर नव्हता, आणि चालक चुकला असता गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा त्या इंजिनांवर नव्हती. परीक्षा केवळ चालकाची झाली असती तर या उणिवा तशाच राहिल्या असत्या.

भारतातील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा ठरविला आहे. या कलमाखाली पकडलेल्या मनुष्याची परीक्षा अटकेपासून २ तासांत व्हावी, असेही त्यात सांगितले आहे. मादक द्रव्यांसाठी मात्र असा अंक नाही. चालक वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ झाला होता काय, हे पाहावयाचे असते. हा भेद शास्त्रास धरून आहे आणि खातेनिहाय चौकशीतही तो पाळला जावा. कोणत्या अपघातानंतर परीक्षा घ्यावयाची हे आधीच ठरलेले असावे, म्हणजे ती वरिष्ठांच्या मर्जीवर राहणार नाही. परीक्षेची वेळ नोंदली जावी व नमुन्याचा एक भाग राखून ठेवावा. आणि ज्या दिवशी चालकाचे रक्त तपासले जाईल, त्याच दिवशी वाहनाचे ब्रेक आणि चालकाच्या कामाच्या तासांची नोंदवही हीही तपासली जावीत. प्रवाशाच्या प्राणांचे मोल जाणणाऱ्या शासनाने स्वतःच्या कारभाराची परीक्षाही तितक्याच तत्परतेने दिली पाहिजे.