पाणी सोडणाऱ्यालाही रविवार हवा

पहाटे वॉल फिरवून पाणी सोडणारा, गटारी काढणारा, घंटागाडीवर उभा राहणारा. ओतूर असो, नारायणगाव असो की घोडेगाव, ग्रामपंचायत चालते ती अशा मोजक्या माणसांच्या अंगमेहनतीवर. आठवड्याची भरपगारी सुट्टी त्यांना कायद्याने मिळालेली आहे. ती त्यांच्या हजेरीपटावर आहे का, एवढे आपल्या गावात विचारा.

ही सुट्टी कोणी मेहरबानीने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. दोन बायाही त्या सभेत बोलल्या. 10 जूनला मालकांनी रविवार मान्य केला. लोखंडे फुल्यांचे सत्यशोधक साथी. त्याच चळवळीच्या ओतूरकरांनी पुरोहिताविना लग्ने लावली आणि त्यापायी ते जुन्नरच्या कोर्टाची पायरी चढले. हा वारसा आपल्या मातीतलाच आहे.

पुढे 1948चा किमान वेतन कायदा आला. त्याच्या अनुसूचीत स्थानिक प्राधिकरणातील नोकरी पहिल्यापासून आहे, आणि कलम 13 मध्ये सात दिवसांतून एक विश्रांतीचा दिवस व त्या दिवसाचाही मोबदला, दोन्ही गोष्टी आहेत. 2019च्या वेतन संहितेतही त्या कायम आहेत. म्हणजे कायदा बदलला, हक्क गेला नाही. हक्क जातो तो आपल्या सवयीने. ‘तो गावातलाच माणूस, त्याला कसली सुट्टी?’ हे वाक्य आपण सहज बोलतो. मग आजारपणाचा दिवसही खाडा ठरतो, पोरीच्या लग्नाचाही.

पाणी रोज लागते, हे खरेच. उन्हाळ्यात टाकी एक दिवस भरली नाही तर गावभर ओरड होते. पण त्यासाठी बदली माणूस नेमायचा असतो. एकाच माणसाला वर्षभर जुंपायचे नसते. महिन्याला चार-पाच दिवसांची बदली मजुरी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाला जड नाही. कंत्राटदारामार्फत माणसे घेतली असतील तर करारातच साप्ताहिक सुट्टीची अट घाला.

1 मेला गावोगाव ग्रामसभा भरते, आणि तो कामगार दिनही आहे. त्या दिवशी उठून उभे राहा आणि तीन गोष्टींचा ठराव मांडा: प्रत्येक कर्मचाऱ्याचा सुट्टीचा वार हजेरीपटावर लिहावा, त्या दिवसाचा पगार कापू नये, आणि बदली माणसाची तरतूद अंदाजपत्रकात करावी. कर्मचारी स्वतः बोलायला कचरतील, त्यांची नोकरी सरपंचांच्या हातात असते. म्हणून हा ठराव गावकऱ्यांनीच मांडायला हवा. बचत गटातल्या बायांनी, निवृत्त गुरुजींनी, सुट्टी काढून गावी आलेल्या मुंबईकरांनी हात वर करावा, आणि सभेच्या इतिवृत्तात ठराव नोंदला गेल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये.